खिंडीतली चौथी टहाळी

भिजत घातलेला चुना बघायला म्हणून मी रात्री जेवून अनंताच्या घरी गेलो. यंदा वैशाखात त्याच्या घराची कौलं मी चाळून दिली, आता भिंतींना चुना मारायचा तेवढा राहिला होता. खरं सांगायचं तर चुनकळी आपली आपण फुटते, तिला जाऊन बघावं लागत नाही. पण शेजाऱ्याकडे जायला काहीतरी निमित्त लागतं. माझी बायको चंद्रकला मला भोचक म्हणते, मी चौकस म्हणतो. पंचवीस वर्षं लोकांच्या छपरांवर बसून पोट भरणाऱ्याला खाली कोणाच्या अंगणात काय चाललंय ते दिसणारच. मी काय डोळ्यांना फडकं बांधून कौलं चाळू?

अनंता आणि त्याची बायको लहानी ओटीवर कंदिलापाशी बसली होती. मूळचे धसईचे, दोन वर्षांपूर्वी मुरबाडात हे घर भाड्याने घेतलं. पुढ्यात घोंगड्या, पितळी डबा, लसणाची चटणी.

"काय रे, कुठली स्वारी?"

"डोंगरावर, काका," लहानी म्हणाली. "चार दिवस. टोकावड्यापर्यंत मोटार, पुढं खिंडीतनं वर. इथं काय नुसतं भाजून निघतोय आमी."

"आणि अंबूबाई?"

अनंताने मान घराकडे केली. आत त्याची आई भांडी जरा जास्तच आवाज करून ठेवत होती. "आईचं गुडघं धरलंय. ती घर राखील. त्या खिंडीत म्हणं माणशी एक टहाळी टाकायची रीत हाय. आईच्या नावाची एक मीच टाकतो, म्हणजे तिलाबी आल्यासारखं होईल. काय काका? आणि हो, चुना मारताना दाराशेजारच्या त्या काळ्या डागाला दोन हात जास्त मारा. दरसाल तो वर येतो."

मी चुन्याचा डेरा झाकला आणि पायरीवर बसलो.

"अनंता, चुन्याचं राहू दे. घोंगडी बाजूला कर नि ऐक. लहानी, तूही बस गो. हे मी कधी कोणाला सांगत नाय. तुझ्या आधी या घरात राहत होते, त्यांचंच आहे."

लहानीने कंदिलाची वात थोडी वर केली.

*

एकोणचाळीस सालची गोष्ट. सावळाराम मास्तर तेव्हा इथे राहायचे. घरात चार माणसं. मास्तर, त्यांची बायको सुंदरा, आठ वर्षांची मुलगी ठमी, आणि मास्तरांची आई बाईजा. बाईजाकाकी म्हणजे वाळलेल्या करवंदीसारखी. बारीक, काटेरी, पण आत गोड. मला रस्त्यात अडवून विचारायची, "जयराम, आज कुणाच्या घरात डोकावलास रं?" आणि मग स्वतःच सगळं ऐकून घ्यायची.

ठमीला माघापासून हिवताप. पोरगी पार कागद झाली होती. वैद्य म्हणाले, चार दिवस वरची हवा लागू द्या. मास्तरांना शाळेची सुट्टी होती. आणि बाईजाकाकीचं माहेर नेमकं डोंगरावर, त्या खिंडीच्या वर दहा घरांची वाडी आहे ना, तिथलं. तिचा भाचा भिमा अजून तिथेच नांदत होता. मग काय, बेत ठरला. वैशाख वद्य द्वादशी, सोमवार. पहाटे छकड्याने टोकावडे, उन्हं कलली की चढायचं, तीन रात्री राहून गुरुवारी परत.

रविवारी संध्याकाळी मी मास्तरांचा कंदील परत द्यायला आलो. म्हणजे, कंदील निमित्त. मास्तर पाटीवर यादी करत होते. तांदूळ, सुकट, कोयनेलच्या गोळ्या, तीन घोंगड्या. सुंदरावहिनी दशम्या भाजत होत्या. ठमी प्रत्येक बोचक्यावर बसून बघत होती. आणि उंबऱ्याजवळ एक लहानसं गाठोडं वेगळं ठेवलेलं.

"काकी, हे कुणाचं?"

"माझं. दुसऱ्या कुणाचं असंल? बत्तीस वरसांनी माहेराला चालले, हात हालवीत जाऊ काय?"

मास्तरांनी पाटीवरून डोकं वर केलं नाही. "आई, आपलं बोलणं झालं होतं."

"तू बोललास. मी नाय बोलले."

"तुझे गुडघे बघ. ओटीवरून उतरायला तुला सुनेचा हात लागतो."

"मला काठी हाय."

"डोलीला चार माणसं लागतात. वाडीतली सगळी लाकडाच्या तोडीवर गेलीत. भिमाचा निरोप आलाय."

"डोली कोण मागतंय तुज्याकडं? मी काय नवरी हाय? चढताना काठी टेकीन. उतरताना बसून उतरीन. आमच्या वाडीच्या समद्या म्हाताऱ्या बसूनच उतरायच्या, खरडत खरडत. लुगडं फाटतं, पण माणूस घरी पोचतं."

ठमी हसली. तिने लगेच ओटीवर बसून खरडत दाखवलं. वहिनीही हसल्या. मास्तर हसले नाहीत. हळू म्हणाले, "आई, तू राहा. पोरीला सांभाळू का तुला?"

 काकीने गाठोडं सोडलं. आतून भिमाच्या बायकोसाठी घेतलेलं चोळीचं खणाचं कापड काढलं, सुकटीची पुडी काढली, दोन्ही सुनेच्या हातात दिली. मग रिकामं फडकं चार घड्या करून मांडीखाली ठेवलं. मला ते बघवेना. मी कंदिलाची काच पुसायला घेतली. स्वच्छच होती.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "सावळ्या, खिंडीत बाय हाय. शेंदराचा धोंडा. वर जाताना ज्याची त्यानं टहाळी तोडायची नि बायपुढं टाकायची. मंग बायला कळतं किती माणसं वर गेली. उतरताना ज्याची त्यानं काढून दरीत सोडायची. काढल्याबिगर खाली यायचं नाय. ऐकतोस नव्हं?"

मास्तर घोंगड्यांना दोरी आवळत होते. "हो, हो."

"ज्याची त्यानं."

"हो गं आई."

मी निघालो तेव्हा मास्तर दारापर्यंत आले. "जयरामभाऊ, चूक तर करत नाही ना मी?"

आणि अनंता, मी काय म्हणालो ऐक. मी म्हणालो, "छे हो मास्तर. तीन रात्रींचा तर सवाल. आमची चंद्रकला झोपायला येईल काकीजवळ."

*

सोमवारी ती तिघं पहाटे गेली. मी दिवसभर माझ्याच घराच्या कौलांवर. वरून मला या घराची ओटी सरळ दिसते. काकी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मधूनच वर बघून म्हणायची, "जयराम, पडशील रं, खाली काय बघतोस?"

दिवेलागण झाली. मी शेवटची ओळ बसवत होतो. तेवढ्यात खाली सूप पडल्याचा आवाज आला. बघतो तर काकी तशीच बसलेली, पण कमरेत वाकलेली. दोन्ही हात गुडघ्यांवर. चढणारा माणूस दम घ्यायला उभा राहतो ना, तशी.

मी शिडीवरून उतरून धावलो. "काकी! काय झालं?"

"थांब रं..." तिला धाप लागली होती. "चढ लागलाय."

"कसला चढ? तुम्ही ओटीवर बसल्यायत."

ती माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत नव्हतो. माझ्या पाठीमागे उंच काहीतरी असावं, तसं तिथे बघत होती. "कातळ ऊन हाय अजून," ती म्हणाली. "पाय भाजतात."

मी चंद्रकलेला हाक मारली, आम्ही दोघांनी तिला उचलून आत निजवलं. उन्हाने भोवळ आली असेल, म्हटलं. चंद्रकला रात्रभर तिच्या उशाशी होती. दाराला आतून अडसर.

सकाळी चंद्रकलेने मला हाक मारली. नेहमी मोठ्याने मारते. त्या दिवशी हळू मारली.

काकी निजली होती. चंद्रकलेने तिच्या पायांवरचं पांघरूण बाजूला केलं. दोन्ही तळव्यांना लाल मुरूम लागलेला. बोटांच्या बेचक्यांत ओला. एका टाचेत करवंदीचा काटा मोडलेला. आमच्या आळीची माती काळी, अनंता. आणि ओटी शेणाने सारवलेली. म्हातारीने उंबरा ओलांडला नव्हता. चंद्रकला आजही पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगेल.

"काकी, कुठे गेला होता?"

तिने डोळे उघडले. आणि हसली. अशी हसताना मी तिला कधी बघितली नव्हती. अगदी ठमीएवढी झाली होती.

"वाडीत पोचले," म्हणाली. "भिमाची बायको बरी हाय. खण तिला आवडला."

मंगळवार तसाच गेला. बुधवारही. काकी उठत नव्हती, पण आजारी दिसत नव्हती. जेवायला दिलं तर म्हणायची, "वर जेवले की." डोळे मिटून कोणाकोणाशी बोलायची. वाळूदादा म्हणून हाक मारायची. तो तिचा थोरला भाऊ. बत्तीस वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्या मौतीनंतर ती माहेरी गेलीच नव्हती.

बुधवारी संध्याकाळी चंद्रकला तिला पाणी पाजायला गेली आणि तिने मला आत बोलावलं. काकीचे ओठ काळेजांभळे. जीभही. दोन्ही हातांची बोटंही. करवंदं खाल्ल्यावर होतात, तशी. या घरात करवंद नव्हतं. आमच्याही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच कोणाला तरी वर का नाही धाडला? मीही तेच म्हणतो, नऊ वर्षं. पण ती इतकी खूश होती रे... मला वाटलं, म्हातारी स्वप्नात का होईना माहेरी गेली. कशाला उठवा.

*

गुरुवारी सकाळी आठच्या सुमाराला मी दातण करत होतो. या घरातून ओरडणं ऐकू आलं.

धावत आलो. काकी अंथरुणावर उठून बसली होती. हात पुढे केलेले. कोणाच्या तरी पदराला धरायचं असावं, तसे.

"चालले... तिघंबी चालले... अरं सावळ्या!"

"काकी, काकी, मी जयराम."

"माजी ऱ्हायली... माजी टहाळी काढ रं... मी कशी येऊ... सावळ्या, मागं तरी बघ..."

मग हात खाली आले. हळूहळू आडवी झाली. डोळे उघडेच. श्वास चालू होता, इतका बारीक की चंद्रकलेने नाकाशी सूत धरलं. त्यानंतर ती बोलली नाही. हाक मारली तर पापणी हलली नाही. घर उघडं आणि आत कोणी नाही, तसं ते तोंड.

संध्याकाळी छकडा आला. ठमीने आधी उडी मारली. गाल भरलेले, रंग आलेला. ती धावत आत गेली आणि आजीला बघून थबकली.

"आजी, तू आमच्या आधी कशी आलीस?"

सुंदरावहिनी दमल्या आवाजात म्हणाल्या, "चार दिवस हेच चाललंय बघा पोरीचं. आजी मागून येते. आजीला पान वाढ. आजी करवंदं तोडते. भिमाभावजीसुद्धा रागावले शेवटी."

मास्तर आईजवळ बसले. हात हातात घेतला. हाका मारल्या.

मला राहवलं नाही. "मास्तर, खिंडीत टहाळ्या किती टाकल्या?"

"चार." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आमच्या तीन. एक आईच्या नावाची. तिला यायचं होतं ना..."

"आणि आज काढल्या किती?"

त्यांनी आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"मास्तर, किती?"

"तीन." आवाज खाली गेला. "तिची राहू दिली. म्हटलं, तिला माहेरी राहायचं होतं. राहू दे तिथेच."

मी सकाळचं सगळं सांगितलं. टहाळीचं. मागं तरी बघ म्हणाली, ते. मास्तर शिकलेला माणूस. एरवी मला हसले असते. पण ते उठले आणि त्यांनी कंदील उचलला.

*

वैशाखी अवसेची रात्र, गुरुवार. दिवे लागले आणि आम्ही दोघं हलका छकडा जोडून निघालो. टोकावड्याला पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. बैल वडाला बांधले. चढायला लागलो.

मास्तर पुढे. मी मागे.  कंदिलाचा उजेड पायापुरता. वारा पडलेला. रातकिडेसुद्धा नव्हते.

खिंडीत पोचलो तेव्हा शुक्र उगवायचा होता. शेंदराचा धोंडा. पुढे वाळक्या पाचोळ्याचा ढीग. मास्तरांनी कंदील खाली धरला.

एकच टहाळी.

आंब्याची. तीन दिवस तिने ऊन खाल्लं होतं. सोमवारी तोडलेली. तरी पानं हिरवी. ओली. आत्ता तोडावी तशी देठातून चीक येत होता.

मास्तर गुडघ्यांवर बसले. "आई, चुकलो," म्हणाले. टहाळी उचलली. कपाळाला लावली. दरीत सोडली.

आम्ही वाट बघितली. ती पडल्याचा आवाज आला नाही.

"चला," मी म्हणालो. "आता मागे बघायचं नाय."

उतरायला लागलो. दहा पावलं... वीस पावलं...

मग मागून आवाज आला.

खर्रर्र.

थांबला.

खर्रर्र.

कोणीतरी कातळावरून बसून उतरत होतं.

मास्तर थांबले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून ढकललं. मागून दम घेतल्याचं ऐकू आलं. मग हात टेकल्याचं. मग... खर्रर्र.

"जयरामभाऊ..."

"चला."

"तिला हात दिला पाहिजे."

"मास्तर, बघू नका. चला."

आम्ही चालायचो तर ते मागे पडायचं. आम्ही थांबायचो तर जवळ यायचं. एका वळणावर इतकं जवळ... लुगडं दगडाला अडकून फाटल्याचं मी ऐकलं. टर्रर्र. अगदी कानाशी. करवंदांचा वास आला. मास्तर रडत होते, आवाज न करता. मी त्यांचा दंड सोडला नाही.

खाली वडापाशी आलो. बैल दाव्याला हिसके देत होते. मी छकडा जोडला. आवाज अजून वरच्या टेपाडावर होता. येत होता.

मास्तर चाकाला धरून उभे. "थांबू या. येऊ दे तिला. तेरा मैल आहेत, ती कशी..."

मी त्यांना आत ढकललं आणि बैलांना आसूड मारला.

ते मीच केलं, अनंता. मास्तरांनी नाय. मी.

*

मुरबाडात शिरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. दारात माणसं. चंद्रकला पुढे आली. "तुमचा छकडा वेशीबाहेर पडला न पडला, तेवढ्यात गेली," म्हणाली. "रात्रभर बसलोय आमी."

मास्तर खाली बसले ते बसलेच.

माणसांनी घाई केली. वैशाखाचं ऊन, कालपासूनचं प्रेत, ठेवायचं किती? मीही म्हणालो, उचला. तिरडी बांधताना चंद्रकलेने माझी बंडी ओढली.

"अवो... अंग अजून ऊन हाय."

"उन्हाळा आहे. असणारच."

"तसं नाय. हात वळतोय. काल संध्याकाळपासनं... अजून वळतोय."

"गप बस," मी म्हणालो.

दुपारी दोनला अग्नी दिला.

रात्री रीतीप्रमाणे, जिथे प्राण गेला त्या जागी तांदळाचं पीठ पसरलं, मध्ये दिवा ठेवला, वर टोपलं पालथं घातलं. गेलेला माणूस येऊन जातो, पिठात काहीतरी खूण उमटते, असं म्हणतात. मास्तर भिंतीला टेकून जागे. दार उघडंच ठेवलं होतं, तेही रीतीप्रमाणे. मी ओटीवर आडवा झालो आणि आदल्या रात्रीच्या जागरणाने मेल्यासारखा झोपलो. काही ऐकलं नाही. मास्तर म्हणाले, त्यांनी ऐकलं. पहाटे, कोंबडं आरवायच्या आधी. अंगणातून. लांबून... मग जवळ... मग दाराशी.

"तुम्ही उठलात नाय?"

"तुम्हीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "बघू नका."

शनिवारी सकाळी टोपलं काढलं. पीठ जसंच्या तसं. बोट नाही, पाऊल नाही, मुंगीसुद्धा चाललेली नाही.

मास्तरांची पुढे बदली झाली, वाडा तालुक्यात. ठमी चांगली आहे, तिचं लग्न झालं. मास्तर मला कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

*

कंदिलाची काच काळी पडली होती. आत भांड्यांचा आवाज केव्हाच थांबला होता. अंबूबाई दाराआड उभी होती, तिचा पदर मला दिसत होता.

लहानी म्हणाली, "म्हणजे काकी आल्याच नाय? पिठात खूण नाय म्हणजे..."

मी कंदील उचलला आणि दाराकडे नेला. अनंता मागून आला. भिंतीजवळ, उंबऱ्याच्या बाहेरच्या अंगाला, मी खाली वाकलो.

"नऊ वर्षं मी या भिंतीला चुना मारतोय. दोन हात, तीन हात. पावसाळा सरला की हा डाग परत वर येतो. त्या शनिवारी ओला होता. मी बोट लावून वास घेतला. करवंदाचा."

अनंताने माझ्या हातातला कंदील घेऊन जवळ धरला. चार बोटं आणि अंगठा. गुडघ्याच्याही खाली. बसलेल्या माणसाने उठण्यासाठी भिंतीला हात टेकावा, तेवढ्याच उंचीवर.